नाकतोड्यांचा पावसाळा

सई, परवा व्हिडिओ कॉलवर मी तुम्हां दोघांना माझी भेंडीची झाडं दाखवत होते, तेव्हा पानांची झालेली चाळण आधी तुझ्या लक्षात आली आणि मग पानामागे बसलेला हिरवा नाकतोडा. अद्वैतनं लगेच तिकडे बसल्या बसल्या कुठलंसं फवारायचं औषध शोधून मला त्याचं नाव पाठवलं. तू मात्र विचारलंस, "आजी, तू त्यांना मारत का नाहीस? तुला भीती वाटते का?" मी हो म्हटलं आणि तुम्ही दोघं हसलात. हसलात यात काही चूक नाही. आयुष्यभर मुलींची शाळा चालवलेली, वर्गात साप निघाला तर आधी हजेरी पूर्ण करून मग मुलींना रांगेनं बाहेर काढणारी तुमची आजी एका किड्याला भिते, हे हसण्यासारखंच आहे. तुम्हां दोघांसाठी म्हणून मी हे सगळं लिहायला घेतलं, तेव्हा शाळा, वसतिगृह, लग्न, नोकरी असा क्रम लावून घेतला होता. त्या क्रमात एका पावसाळ्याची पानं मी कोरी सोडली होती. तुझ्या प्रश्नानंतर ती तशीच ठेवणं मला बरं वाटेना.

त्या वर्षी मला कावीळ झाली. मामांनी मला नागपूरला इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिथून बाबांनी मला पावसाच्या सुरुवातीलाच घरी आणलं. वरठी स्टेशनला रेल्वेगाडीतून उतरले तेव्हा मला उभंही राहवत नव्हतं. तिथून बैलगाडीत गवताच्या गादीवर निजून आमच्या गावापर्यंत आले. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, करडीच्या पलीकडे. घर मातीचं, कौलारू, पुढे ओसरी, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे सांदवाडी. सांदवाडी म्हणजे घरामागची कुंपण घातलेली मोकळी जागा, तिथे आमचा भाजीपाला व्हायचा. तिच्या पलीकडे एक लहानसा तलाव होता, त्याला आम्ही बोडी म्हणायचो. रात्रभर बोडीतली बेडकं ओरडायची आणि पहाटे ती थांबली की कौलांवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज सुरू व्हायचा. वैद्यानं अडीच महिने तेल, तूप, हळद, डाळ सगळं बंद केलं होतं. भाताची पेज, ताक, मुरमुरे आणि मुळ्याच्या पाल्याचा कडू रस. घरात दुसऱ्यांसाठी फोडणी पडायची तेव्हा मी ओसरीवर जाऊन बसायची, कारण त्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

माझ्या खाण्यावर पहारा गोदाआत्याचा होता. ती बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन लाखनीकडच्या एका गावात गेली, सात वर्षं राहिली, मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा एका हाताला पिशवी लावून ती परत आली. हे मला कोणी बसवून सांगितलं नव्हतं, पण ज्या घरात भिंती मातीच्या असतात तिथे मुलांना सगळंच कळतं. ती उंच होती, खांदे पुरुषासारखे रुंद, कपाळावर आणि हातांवर गोंदण. काम करताना ती घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायची. त्याला शब्द नव्हते, चालही धड नव्हती. सांदवाडीत ती नेमकी कुठे आहे ते त्या गुणगुणण्यावरून कळायचं. आईनं स्वयंपाकघर सांभाळायचं, आत्यानं सांदवाडी, अशी न बोलता झालेली वाटणी होती. वालाचा मांडव, दोडक्याचे वेल, भेंडीच्या चार ओळी, मका, आणि पाणी सांडायचं तिथे धोपा. तुम्ही ज्याला अळू म्हणता तोच. बाजाराच्या दिवशी ती टोपली डोक्यावर घेऊन करडीला जायची आणि येताना घराचं मीठ, तेल, साबण घेऊन यायची. "दादाच्या घरी खातो, पन मीठ माह्यं हाय," असं ती मला एकदा म्हणाली होती. त्या मिठाला घरात किती वजन होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

कळलं ते आखाडात. तिच्या सासरहून निरोप आला की सासू अंथरुणाला खिळली आहे, धाकट्या सवतीला दिवस गेले आहेत, घरात करणारं कोणी नाही. पोळा झाला की दीर गाडी घेऊन येईल, यायचं असेल तर यावं. दोन दिवसांनी बाबा जेवताना म्हणाले, "तुह्या मनात असन तसं कर, गोदा. मी जा म्हनत नाही, अना राहा म्हनूनही गळ घालत नाही." आई चुलीकडे तोंड करून बसली होती. आत्यानं बाबांच्या ताटात भात वाढला आणि ती सांदवाडीत गेली. मी तिच्या मागे गेले. ती वालाच्या वेलाचं टोक मांडवावर चढवत होती.

"तू जाशील का, आत्या?" मी विचारलं.

"कायले जाऊ? तठी मले बायको म्हनून नाही बोलावत, मोलकरीन म्हनून बोलावते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "यंदा वाल चांगला धरला ना पोरी, तं कोनी काही म्हनत नाही. दीर आला का त्याले फुलावरला मांडव दावीन, दिवाळीले टोपलीभर शेंगा कबूल करीन अना म्हनीन, पाय बाप्पा, माह्याशिवाय इथलं कोन पाहीन."

एवढंच होतं सगळं. वाल धरला तर ती राहणार होती.

नाकतोडे श्रावण लागताच आले. आले म्हणजे कुठून उडत आले नाहीत. आधी बारीक, पंख न फुटलेली, तिळाएवढ्या डोळ्यांची पिल्लं गवतात दिसायला लागली आणि मग दर दोन दिवसांनी ती मोठी झालेली असायची. माझ्या इंग्रजी शास्त्राच्या पुस्तकात त्यांचं चित्र होतं. मी आत्याला ते वाचून, मराठी करून सांगितलं की हा किडा पाच वेळा कात टाकतो आणि मग त्याला पंख फुटतात.

"आता कितवी कात चालू हाय?"

"तिसरी असेल."

"मंग पंख फुटाच्या आधी धरा लागते," ती म्हणाली. "तुह्या पुस्तकात हे लिवलं का, का थे माह्याच वाडीत कायले आले?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग कायचं पुस्तक थे," असं म्हणून ती हसली. तिला हसताना पाहिलं की मला आजार विसरायला व्हायचं.

राख टाकून झाली. चुलीतली राख फडक्यात बांधून ती ओल्या पानांवर झटकायची, पण दुपारी सर आली की सगळी धुऊन जायची. कडुलिंबाचा पाला उकळून शिंपडला, त्याचंही तेच झालं. मग तिनं जुनीच रीत काढली. पहाटे उजाडायच्या वेळी नाकतोड्याचे पंख दवानं जड झालेले असतात, पाय आखडलेले असतात, तो उडत नाही. त्या तासाभरात ते हातानं वेचायचे. मला चालायला बरं वाटायला लागलं होतं, म्हणून ती मला सोबत घ्यायची. बादलीत तळाशी पाणी आणि त्यावर मातीचं तेल, म्हणजे रॉकेल. एका हातानं पान उलटायचं, दुसऱ्यानं किडा चिमटीत धरायचा. तो बोटांवर तपकिरी थुंकी टाकायचा, तंबाखू खाणाऱ्यासारखी, आणि कधीकधी नुसता पाय आपल्या चिमटीत ठेवून निसटून जायचा. तो पाय नंतरही हालत राहायचा. मी वहीत रोजची संख्या लिहून ठेवायची. माझी ही सवय तेव्हापासूनची. पहिल्या दिवशी दोनशे दहा. आठव्या दिवशी चारशेवर. मी आकडा सांगितला की आत्या म्हणायची, "म्हंजे त्यायची शाळा आपल्यापेक्षा मोठी हाय." बादली मात्र ती मला ओतू द्यायची नाही. उन्हं वर आली की स्वतः शेणखताच्या खड्ड्याकडे घेऊन जायची. "तुह्या हातानं नोको. तुले अजून लगन करा लागते, लेकरं करा लागते. माह्या हाताचं काय."

श्रावणाच्या मध्यावर त्यांना पंख फुटले आणि मग वेचणं पुरेना. दुपारी पाऊस थांबला की सांदवाडीतून एक आवाज यायचा. तो गाण्याचा नव्हता, खाण्याचा होता. कोरडं पान हळूहळू चुरगाळल्यासारखा, सगळीकडून एकदम, न थांबता. मी खाटेवर पडून तो ऐकायची. भेंडीचे नुसते देठ उरले. मक्याची पानं मधल्या शिरेपर्यंत खाल्ली गेली. दोडके गेले. वालाला मात्र फूल लागलं होतं, जांभळं, आणि आत्या दिवसदिवस त्या मांडवाखाली उभी राहून फडकं हलवत राहायची. तिचं गुणगुणणं त्या दिवसांत बंद झालं. बाजाराला न्यायला टोपलीत काही नव्हतं. सलग दोन बाजार आई स्वतः धान देऊन मीठ घेऊन आली. एकदा मी पाण्याला उठले तेव्हा आई बाबांना म्हणत होती, "मी तिले जा म्हनत नाही. पन सांदवाडी नाही राहिली, तं थे दिवसभर घरातच राहीन अना माह्या चुलीत लक्ष घालन. दोन बाया एका चुलीवर किती दिवस?" आईच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता हे मला आज कळतं. त्या चार भिंतींत चुलीएवढीच तिची जागा होती. पण मी ते ऐकलं आणि माझ्या मनात ते राहिलं.

पोळ्याच्या दिवशी माझे अडीच महिने पुरे व्हायला पाच दिवस उरले होते. सकाळपासून घरात पुरण शिजत होतं, कढईत वडे पडत होते, बैलांची शिंगं रंगवून झाली होती. दारात पळसाच्या फांद्या लावल्या होत्या. मला सगळ्यांच्या आधी पेज वाढून आत्यानं ओसरीवर बसवलं. बैल तोरणाखालून परत आले, त्यांना ओवाळायला शेजारच्या बाया जमल्या, तेवढ्यात मी स्वयंपाकघरात जाऊन परकराच्या ओच्यात चार वडे टाकले आणि गोठ्यामागे गेले. पहिला वडा तोंडाशी नेला तोच आत्याचा हात आला. ती ओरडली नाही. तिनं माझ्या हातातला वडा घेतला, ओच्यातले तीन काढून घेतले, मला दंडाला धरून पुढे अंगणात आणलं आणि सगळ्या बायांसमोर ते चारही वडे एकेक करून धवळ्या बैलाला खाऊ घातले.

"पोळा बैलाचा हाय," ती म्हणाली. "कावीळवाल्या पोरीचा नाही."

बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, "बैलाचं नशीब पाय व, इंग्रजी शिकलेल्या पोरीच्या हातचा वडा भेटला." धवळ्या जीभ काढून आणखी आहे का ते पाहत होता, आणि त्यावर त्या आणखी हसल्या. मी रडत आत पळाले. माझं रडणं ऐकून आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. दिवसभर चुलीपुढे बसून तिचा चेहरा लाल झाला होता. "सनाच्या दिवशी पोरीच्या तोंडचा घास बैलाले?" ती आत्याला म्हणाली. "पोर माही हाय, घर माहं हाय. असं करायचं असन तं आपल्या घरी कर." आत्यानं बैलाच्या गळ्यातली माळ सरळ केली आणि ती सांदवाडीत गेली. आत्याला काय लागलं असेल ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून, आपल्या बाजूनं कोणी बोललं म्हणून समाधानानं रडत होते.

दुसरा दिवस नारबोदचा. तुम्हांला हे ठाऊक नसणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घरोघरच्या लोकांनी दारातल्या पळसाच्या फांद्या काढायच्या, गावाच्या शिवेवर नेऊन फेकायच्या आणि ज्याचा ज्याचा आपल्याला त्रास झाला त्याचं नाव घेऊन ओरडायचं. खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद. ढेकून-मच्छर घेऊन जा गे नारबोद. नारबोद कोण, ती देवी की राक्षसीण, हे कोणी विचारत नाही. ती सगळं घेऊन जाते एवढं माहीत असतं. त्यात थट्टाही चालते. त्या सकाळी पुढे गेलेल्या बायांमधून कोणीतरी "सासूची किटकिट घेऊन जा गे" म्हणून ओरडलेलं आणि त्यावर झालेला हशा मला लांबून ऐकू आला होता. नियम दोनच. नाव घेतलं की फांदी टाकलीच पाहिजे, आणि टाकून निघालं की घरी पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही.

आमच्या घरची फांदी त्या वर्षी मी टाकावी असं बाबांनी आधीच ठरवलं होतं, आजार जावा म्हणून. मला गर्दीबरोबर भराभर चालवत नव्हतं, तेव्हा आत्या माझ्यासोबत मागे राहिली. शिवेवर आम्ही पोचलो तोवर बाकीचे दुसऱ्या वाटेनं परत गेले होते. बारीक पाऊस होता. मोहाच्या झाडाखाली फांद्यांचा ढीग पडला होता आणि त्यांचा ओला, तुरट वास येत होता.

"बोल," आत्या म्हणाली. "जे जे जायचं थे बोल."

"कावीळ घेऊन जा गे नारबोद," मी म्हटलं. ती मान हलवत होती. "नाकतोडे घेऊन जा गे नारबोद." तेव्हाही तिनं मान हलवली, आणि मला वाटतं, तिचे ओठही हलले. मग मी तिच्याकडे पाहिलं. मी चिडलेली होते हे खरं, पण त्या क्षणी राग नव्हता. माझ्याजवळ एक गोष्ट आहे जी मी करू शकते, एवढंच मला कळलं. तिच्या डोळ्यांत पाहून मी म्हटलं, "अना गोदाआत्याले घेऊन जा गे नारबोद."

शाळेतलं माझं मराठी मी त्या वेळी वापरलं नाही, हे मला आजही बोचतं. घरच्या बोलीत म्हटलं, म्हणजे थेट पोचावं म्हणून.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी फांदी खाली करायला लागले, कारण मला एकदम ती परत न्यावीशी वाटली. तिनं माझं मनगट धरलं. काल दंड धरला होता तसं नाही, अगदी हलकं. "टाक," ती म्हणाली. "नाव घेतलं का टाका लागते. हातात ठेवली तं तुलेच लागन." मी टाकली. "आता चाल. मांगं पाहू नोको."

मी पुढे, ती मागे. तिच्या पावलांचा चिखलातला आवाज माझ्या मागे येत होता. मला वळून तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण वळायचं नव्हतं. न वळताही बोलता आलं असतं हे मला तेव्हा सुचलं नाही. गावात शिरलो, तरी पावलं येत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती कमी झाल्यासारखी वाटली. अंगणात पाय ठेवल्यावर मी वळले, तर मागे कोणी नव्हतं. आत्या सांदवाडीच्या बाजूनं गेली होती. नंतर कितीतरी वर्षं, वसतिगृहाच्या लांब ओवरीतून एकटी चालताना, मला मागे ती पावलं ऐकू यायची आणि मी दारापर्यंत वळायची नाही. अजूनही बाजारातून येताना कधीकधी तसं होतं. तुमच्या आजोबांना मी त्याचं कारण कधी सांगितलं नाही.

दुपारी तिचा दीर गाडी घेऊन आला. तो बिचारा खाली मान घालून ओसरीवर बसला, त्याला वाटत होतं नकारच मिळणार. आत्या हातपाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन बाहेर आली. बाबा उभे राहिले. आईनं तिचा हात धरला.

"गोदा, मी रागाच्या भरात बोलली. सनाच्या दुसऱ्या दिवशी कोनी निंगते का व?"

"आजच निंगा लागते, वहिनी," आत्या म्हणाली. "मंग मांगं पाहा लागत नाही."

आईला वाटलं, हे आपल्याला बोलली. आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "चार दिवस राहिले. वैद्यानं सांगतलं तसंच खाजो." गाडी निघाली. तिनं वळून पाहिलं नाही.

त्या आठवड्यात पाऊस आणि आभाळ सारखं होतं. चौथ्या दिवशी पहाटे मी सवयीनं बादली घेऊन सांदवाडीत गेले. नाकतोडे होते, पण नेहमीसारखे पानांखाली नव्हते. सगळे वर चढले होते. भेंडीच्या प्रत्येक उघड्या देठाच्या टोकाला, मक्याच्या तुऱ्यांना, मांडवाच्या काठ्यांना, गवताच्या प्रत्येक पात्याच्या शेंड्याला एकेक, दोनदोन, तोंड आभाळाकडे करून, पुढचे पाय देठाला घट्ट मिठी मारल्यासारखे. एकही हालत नव्हता. मी एकाला बोट लावलं. तो आतून पोकळ होता. मिठी मात्र सुटेना. सगळी सांदवाडी अशी मेलेल्यांनी भरली होती आणि खाण्याचा तो आवाज थांबला होता. पुढे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळलं की दमट हवेत एक बुरशी नाकतोड्याच्या शरीरात शिरते, मरण्याआधी तो उंच जागी चढतो आणि देठाला कवटाळून मरतो. मी ते उत्तरपत्रिकेत नीट आकृतीसह लिहिलं आहे. पण त्या सकाळी मी बारा वर्षांची होते आणि मला एकच अर्थ लागला. मी तीन नावं घेतली होती. कावीळ उतरली होती. नाकतोडे मेले होते. नारबोद माझं ऐकत होती.

मी तशीच शिवेवर पळाले. आमची फांदी परत आणायची होती. मोहाखाली ढीग तसाच पडला होता, पानं काळी पडून चिकटलेली. गावातल्या सत्तर घरांच्या फांद्या, सगळ्या सारख्या. मी एकेक उचलून पाहिली. आमची कोणती हे कशावरून ओळखणार? शेवटी अंदाजानं एक घेतली आणि घराकडे निघाले. अर्ध्या वाटेत मनात आलं, ही दुसऱ्या कोणाची असेल तर? हिच्यात कोणाचा क्षय, कोणाचं मेलेलं मूल असेल, आणि मी ते आमच्या घरी नेते आहे. मी ती बांधाखाली टाकली. आता विचार करते, त्या दिवशी शिवेवर पळण्याऐवजी मी बाबांकडे गेले असते आणि खरं सांगितलं असतं, तर लाखनीकडे गाडी जुंपायला त्यांना तासही लागला नसता.

त्या वर्षी वाल असा धरला की मांडव वाकला. फुलं वाचली होती, किडे मेले होते, आणि कार्तिकात शेंगांचे घोस लोंबायला लागले. आई रोज तोडायची, शेजारी वाटायची, आमच्या ताटात वाढायची आणि स्वतः खायची नाही. मी दिवाळीला नागपूरहून आले तेव्हा एक दिवस तिनं टोपलीभर शेंगा भरल्या आणि बाबांना म्हणाली, "जा, तिले घेऊन या. म्हना, तुही वाडी तुह्याशिवाय चालत नाही. म्हना, वहिनीनं पाय धरते म्हनून सांगतलं." बाबा गेले, दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले. टोपली रिकामी होती. आई दारातच उभी होती.

"काय म्हनाली?"

"बरी हाय म्हनते. सासूचं सगळं थेच करते. वाळली खूप." बाबा पायरीवर बसले. "मी म्हटलं चाल. तं म्हनते, दादा, टाकलेलं उचलून आनत नसते."

आई पदराचा बोळा तोंडाशी धरून आत गेली. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते. त्या वाक्यातला शब्दन् शब्द माझ्यासाठी होता आणि तो आईनं घेतला. बाबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तुले काही बोलली होती का व, जाच्या आधी?" मी म्हटलं, "पथ्य पाळ म्हणाली." तेही खोटं नव्हतं.

उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, तीन दिवस होता, चौथ्या दिवशी संपलं. बाबा पोचले तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. मला शाळेत पत्रानं कळलं. पत्रात खाली बाबांनी लिहिलं होतं, अभ्यासात लक्ष दे. मी दिलं. मी सगळ्या परीक्षांत पहिली आले.

तुम्ही म्हणाल, ताप तापानं येतो, नाव घेतल्यानं नाही. हे मी तुम्हां दोघांपेक्षा कितीतरी जास्त मुलींना फळ्यावर लिहून शिकवलं आहे. ती नारबोदमुळे मेली असं मी मानत नाही. पण ती माझ्यामुळे गेली. वाल धरणारच होता. आईचा राग उतरणारच होता, दुसऱ्या दिवशी उतरलाही होता. दिराला तिनं शेंगांचं आमिष दाखवून परत पाठवलं असतं आणि आमच्या घरी म्हातारी झाली असती. मोठ्यांचं टाकून बोलणं तिनं आयुष्यभर ऐकलं होतं, त्यावर ती उठून जाणारी नव्हती. एका लहान मुलीनं तिच्या डोळ्यांत पाहून ते म्हटलं, तेव्हा तिनं ते खरं धरलं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे भंडाऱ्याला राहायला आली. शेवटची अकरा वर्षं ती इथेच होती, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. डोकं अगदी साफ होतं. दुपारी जेवण झालं की ती खिडकीशी खुर्चीत बसायची आणि मी तिच्या आठवड्याच्या गोळ्या लावायला घ्यायची. तिच्या शेवटच्या थंडीतली एक दुपार होती. ती एकाएकी म्हणाली, "सुमन, गोदा गेली थे माह्या बोलन्यानं. घर माहं हाय म्हनली मी तिले."

"तिला ताप आला होता, आई."

"ताप तं मांगून आला. घरातून काहून गेली? मले सांग, तू शिकलेली हायस. एवढ्याशा बोलन्यावर कोनी जाते का?"

ती माझ्याकडे वळून, उत्तराची वाट पाहत होती. उत्तर माझ्याजवळ होतं. एका वाक्यात देता आलं असतं. साठ वर्षं तिनं वाहिलेलं मी तिच्या अंगावरून उतरवू शकत होते. मी म्हटलं, "आता कशाला ते उगाळतेस? झोप घटकाभर."

"मीच व," आई म्हणाली. "मीच." आणि तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मी सकाळच्या गोळ्या सकाळच्या कप्प्यात, दुपारच्या दुपारच्या, रात्रीच्या रात्रीच्या कप्प्यात, सातही दिवसांच्या नीट लावून झाकण बंद केलं.